शाळा चालते ती कोणाच्या जिवावर?

(शिक्षक आणि पालक यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणाविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर चालते. एका टोकाला धोरण, माध्यम, अभ्यासक्रम असे भारदस्त विषय असतात. दुसऱ्या टोकाला परीक्षांचे निकाल असतात. या दोहोंच्या मध्ये, सकाळी शाळेचे कुलूप निघाल्यापासून संध्याकाळी ते पुन्हा लागेपर्यंत जे काही घडते, त्याकडे विचारवंतांचे लक्ष क्वचितच जाते. वर्ग कोणी झाडला, पाणी कोणी भरले, तांदूळ कोणी मोजला, हजेरीपट कोणी लिहिला, विजेचे बिल कोणी भरले, हे प्रश्न क्षुल्लक मानले जातात. घर चालवणाऱ्या स्त्रीच्या श्रमांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जागा नसते. शाळा चालवण्याच्या श्रमांचीही शिक्षणाच्या अंदाजपत्रकात जवळजवळ तीच गत आहे. आणि ज्या श्रमांची नोंद होत नाही ते फुकट असतात, असा समज राज्यकर्त्यांचा फार लवकर होतो.

एखाद्या वाडीवरची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणावी. पट चोवीस मुलांचा, शिक्षक दोन, वर्ग पहिली ते चौथी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. म्हणून येथे दोघांपैकी ज्येष्ठ शिक्षकाकडेच मुख्याध्यापकाचा कार्यभार असतो. लिपिक नाही, शिपाई नाही. सकाळी कुलूप हाच शिक्षक काढतो. परिपाठ होईतो स्वयंपाकी बाई येते. दर मुलामागे शंभर ग्रॅम याप्रमाणे दोन किलो चारशे ग्रॅम तांदूळ मोजून द्यायचा, साठा नोंदवहीत तो लिहायचा, डाळ-तेलाची नोंद वेगळी करायची. मुलांच्या पानात पडण्यापूर्वी अन्नाची चव घ्यायची आणि चव घेतल्याची सही करायची. किती मुले जेवली ते मोबाइलवरून कळवायचे. रेंज नसेल तर माळावर जाऊन कळवायचे. मधल्या वेळेत एखादा पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतो. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा निरोप येतो की, अमुक माहिती तात्काळ सादर करावी. ही माहिती गेल्या महिन्यात निराळ्या तक्त्यात दिलेलीच असते. परंतु तक्ता बदलला की माहिती नवी होते, अशी आपल्या प्रशासनाची श्रद्धा आहे. तालुक्याला सभा असेल त्या दिवशी दोघांपैकी एक जातो आणि दुसरा चारही इयत्ता एका खोलीत घेऊन बसतो.

हे वर्णन तक्रारीच्या सुरात केले जाते तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात शिक्षकाची कुरकूर ऐकू येते. म्हणून ते हिशेबाच्या भाषेत मांडणे बरे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. दिवसाला हे चार तास होतात. आता दोन शिक्षकांपैकी एकाचे रोज दोन तास शाळा ‘चालवण्यात’ जातात असे गृहीत धरू. खेड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला हा अंदाज अतिशयोक्त वाटणार नाही. दोनशे दिवसांत चारशे तास झाले. म्हणजे एका शिक्षकाचे निम्मे अध्यापन. कागदावर शाळा दोन शिक्षकी आहे. मुलांच्या वाट्याला दीड शिक्षक येतो.

यात आणखी एक विपरीत गोष्ट दडलेली आहे. शिक्षकाचा तास शासन ज्या दराने विकत घेते, तो दर लिपिकाच्या किंवा शिपायाच्या तासाच्या दरापेक्षा चढा आहे, आणि तो तसा असणे योग्यही आहे. पण लिपिकाचे पद वाचवले म्हणून लिपिकाचे काम संपत नाही. ते महागड्या तासांतून करून घेतले जाते आणि त्या तासांत जे शिकवायचे होते ते राहून जाते. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याला काटकसर म्हणणार नाही. कोणताही कारखानदार आपल्या कसबी कामगाराला दिवसाचा निम्मा वेळ फाटकावर बसवणार नाही. सरकार बसवते, कारण जे नुकसान होते ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. चौथी संपवूनही अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या अंगावर ते निघते, आणि त्या मुलाचा बाप लेखापरीक्षकाकडे जात नाही.

आता पैशाकडे वळू. शाळेच्या रोजच्या खर्चासाठी समग्र शिक्षा योजनेतून एकत्रित शाळा अनुदान मिळते. ते पटावर ठरते. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, एकतीस ते शंभर मुलांच्या शाळेला २५,००० रुपये, अशी त्याची उतरंड आहे. त्यातही किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च केली पाहिजे असा दंडक आहे. चोवीस मुलांच्या आपल्या शाळेला दहा हजार मिळाले, तर दोनशे दिवसांनी भागून दिवसाला पन्नास रुपये येतात. या पन्नास रुपयांत खडू, नोंदवह्या, झाडू, फिनेल, नळाची तोटी, कौले फुटली तर कौले आणि विजेचे बिल बसवायचे आहे. पैकी पाच रुपये स्वच्छतेचे. मुलांची आणि मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे कायद्याने अनिवार्य केली आहेत, हे चांगलेच झाले. पण ती रोज धुण्यासाठी माणूस लागतो, हे कायदा करणाऱ्यांना बहुधा सुचले नाही. पाच रुपयांत रोज स्वच्छतागृह धुऊन देणारा माणूस महाराष्ट्रात कोठे मिळतो, याचा शोध अर्थखात्यानेच घ्यावा. शिवाय अनुदान जूनमध्ये शाळा उघडताना हाती पडले तर ते उपयोगी. आर्थिक वर्ष सरता सरता ते यावे आणि ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे, ही रीत इतकी रुळली आहे की, कोणाला त्यात काही वावगेही वाटत नाही.

पैसे पुरत नाहीत म्हणून शाळा बंद पडत नाही, हे मात्र खरे. ती चालते. कशी चालते, हाच प्रश्न आहे. शिक्षक पदरचे पैसे घालतात. गावातला एखादा सुस्थितीतला माणूस पंखा देतो आणि पंख्यावर स्वतःचे नाव लिहितो. विजेची थकबाकी साचते आणि जोडणी तुटते. थकबाकीपायी वीज तोडलेल्या शाळांच्या बातम्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षे येत आल्या आहेत, आणि अशा काही शाळांत लोकवर्गणीतून घेतलेले संगणक कापडाखाली झाकलेले असतात. शेवटी जे उरते ते मुले करतात. वर्ग झाडणे, पाणी भरणे, भांडी विसळणे.

येथे कोणी कर्मवीरांचे आणि साने गुरुजींचे नाव घेईल, आणि ते घेणे रास्त आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत, झाडलोट करीत. तेथे पैसा नव्हता. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हा इतिहास घराघरांत माहीत आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळीत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून ठेवीत, मुलांना त्याचा पत्ताही नसे. मग आजच्या शिक्षकाने आणि मुलाने झाडू हाती घेतला तर बिघडले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर टाळून चालणार नाही, कारण समाजवादी चळवळीने श्रमप्रतिष्ठेचा आग्रह नेहमीच धरला आहे. बिघडते ते असे. साताऱ्याला सगळ्यांनी मिळून झाडणे हा जातिभेदावर घातलेला घाव होता. ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या झाडू हाती धरला गेला नव्हता, त्यालाही तो धरावा लागे. त्यातच त्याचे शिक्षण होते. आज माणूस नेमलेला नाही म्हणून जेव्हा मुलांकडून काम करून घेतले जाते, तेव्हा ते सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. वर्ग मुलींनी झाडायचा आणि मुलांनी खुर्च्या उचलायच्या, ही वाटणी कोणी हुकूम न काढता आपोआप होते. स्वच्छतागृहाची पाळी आली की कोणाच्या मुलाकडे नजर वळते, हे उघड करून सांगण्याची गरज नाही. एकाच झाडूने एका शाळेत जात मोडते आणि दुसरीत ती पक्की होते. फरक इतकाच की, पहिल्या शाळेत कोणीतरी विचारपूर्वक पाळ्या लावल्या होत्या आणि स्वतः पहिली पाळी घेतली होती. दुसरीत निरुपायाने पाळ्या लावल्या आहेत.

गुरुजींच्या त्यागाबद्दलही हेच म्हणता येईल. त्याग ही व्यक्तीने आपखुशीने द्यायची वस्तू आहे. सरकारने ती गृहीत धरून अंदाजपत्रक आखायला सुरुवात केली की, ती वेठ होते. गुरुजींनी खोल्या झाडल्या म्हणून सफाईच्या रकान्यात शून्य लिहिण्याचा अधिकार कोणत्याही अर्थमंत्र्याला मिळत नाही.

हे शून्य आता कोठवर आले आहे ते पाहा. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांत शिपाई, चौकीदार, प्रयोगशाळा परिचर ही माणसे असत. त्यांच्या सेवाशर्तींना १९७७ च्या अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने संरक्षण दिले होते. ते आंदोलनातून मिळाले होते. पुढे शिक्षकेतर भरती रखडत ठेवण्यात आली, आणि डिसेंबर २०२० मध्ये, महामारीच्या काळात, शासनाने निर्णय केला की शिपायाचे पद रिक्त झाल्यावर नियमित माणूस भरायचा नाही. शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यायचा. ग्रामीण भागासाठी हा भत्ता दरमहा ५,००० रुपये ठरला. पूर्वी घंटा वाजवणारा माणूस शाळेचा कर्मचारी होता. त्याला वेतनश्रेणी होती, रजा होती, म्हातारपणाची तरतूद होती. पुष्कळ गावांत शाळेचा इतिहास त्यालाच अधिक ठाऊक असे. आता घंटा वाजवणे हे एक किरकोळ काम झाले आणि माणूस एका भत्त्यात विरघळला. याविरुद्ध शिक्षकेतर संघटनांनी आवाज उठवला. त्यांच्या शेजारी शिक्षक संघटना जितक्या जोराने उभ्या राहायला हव्या होत्या तितक्या राहिल्या नाहीत, असे खेदाने म्हणावे लागते.

शिक्षक संघटनांची घोषणा निराळी आहे. ‘अशैक्षणिक कामे बंद करा.’ घोषणेमागची वेदना खरी आहे. कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच कामे शिक्षकाला देता येतात. प्रत्यक्षात काय दिले जाते ते सर्वांना माहीत आहे. २०२४ मध्ये शासनानेही शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. तथापि या घोषणेत एक मोठी गफलत आहे. मुलाचे जेवण, मुलाचे पाणी, मुलीसाठी स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, यांना ‘अशैक्षणिक’ म्हणणे अगदी चूक आहे. उपाशी मूल शिकत नाही, हे १९९५ साली मध्यान्ह भोजनाची योजना आली तेव्हा आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला तेव्हा, देशाने मान्य केले आहे. अशैक्षणिक आहे तो तोच मजकूर पाच तक्त्यांत भरण्याचा उद्योग. पहिले काम शाळेचेच आहे. फक्त ते करायला शिक्षकाखेरीज दुसरी माणसे हवीत आणि त्या माणसांना पोटापुरता मोबदला हवा. नुसते ‘आमच्याकडून काढा’ म्हटले, तर ते काम उतरंडीत आपल्या खाली जो असेल त्याच्या डोक्यावर जाईल.

आणि खाली कोण आहे? स्वयंपाकी बाई. पंचवीस मुलांपर्यंत एक, पुढे शंभरपर्यंत दोन, असे तिच्या नेमणुकीचे प्रमाण आहे. केंद्र शासनाने २००९ साली तिला दरमहा १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातील दहाच महिन्यांचे. उन्हाळ्यात तिला भूक लागत नाही असे समजून. महाराष्ट्राने पुढे आपली भर घालून हा आकडा २,५०० रुपयांपर्यंत नेला. महिन्याचे बावीस-तेवीस दिवस धरले तर रोजचे शंभर-सव्वाशे रुपये होतात. शेतमजुरीला गेली तर याहून अधिक मिळते. तिच्या मोबदल्याला वेतन म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा आठवतो. जळण आणणे, चुलीपुढे बसणे, वाढणे, भांडी घासणे, आणि पुष्कळ ठिकाणी सगळे आटोपल्यावर ओटा आणि वर्ग झाडणे, एवढे काम तिच्याकडे असते. बहुतेक ठिकाणी ती विधवा, परित्यक्ता किंवा भूमिहीन घरातली असते. शाळेतील सर्वांत मोठी दैनंदिन जबाबदारी, म्हणजे मुलांच्या पोटात जाणारे अन्न, सर्वांत कमी मोबदला घेणाऱ्या बाईवर सोपवलेली आहे.

ही जबाबदारी किती भीषण असू शकते ते बिहारमध्ये दिसले. सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले जेवण जेवून तेवीस मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक मिसळले गेले होते. शिधासामग्री मुख्याध्यापिकेच्या घरी ठेवली जात होती. न्यायालयाने २०१६ मध्ये मुख्याध्यापिकेला दोषी ठरवून शिक्षा दिली. गुन्हा गंभीर होता आणि शिक्षा व्हायलाच हवी होती. परंतु शाळेचा शिधा कोणाच्या तरी घरी का राहतो, शाळेला कुलूपबंद कोठार का नसते, रोज सामग्री तपासणारा माणूस कोण, हे प्रश्न त्या निकालाने सुटत नाहीत. त्यानंतर देशभर सूचना निघाल्या, चव घेण्याचे नियम कडक झाले, नोंदवह्या वाढल्या. नोंदवही वाढवायला पैसा लागत नाही. कोठार बांधायला लागतो.

याला सरकारचे उत्तर ठरलेले आहे. पैसा नाही; आणि लहान शाळा परवडत नाहीत. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा हाच युक्तिवाद होता. गंमत अशी की, एकत्र येण्याची कल्पना मूळची वाईट नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळासंकुले सुचवली होती. जवळच्या शाळांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय, मनुष्यबळ वाटून घ्यावे, असा त्या सूचनेचा आशय होता. तीच कल्पना उलटीकडून राबवता येते. मुलांना दहा किलोमीटर हलवण्याऐवजी लिपिकाला हलवावे. एका केंद्रातील दहा-बारा शाळांना मिळून एक लिपिक, एक हिशेबनीस आणि गवंडीकाम, नळकाम जाणणारा एक माणूस दिला, तर शिक्षकांचे किती तास मोकळे होतील याचा हिशेब वर केलाच आहे. सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडायला लावण्यापेक्षा चाळीस वर्षांच्या कारकुनाने दुचाकीवरून फिरणे अधिक स्वस्त आणि अधिक सभ्य आहे. राहिला पैसा. याच आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे म्हटले होते. ते लक्ष्य आजतागायत गाठलेले नाही. शिवाय पैसा नाही म्हणून जो खर्च टळला असे सांगितले जाते तो टळलेला नाहीच. तो शिक्षकाच्या तासांतून, स्वयंपाकिणीच्या कमरेतून आणि मुलींच्या हातांतून दररोज वसूल होतो आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेले म्हणणे असेच होते. तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शाळेकडे येताना मात्र ती रिकामी होते, ही त्यांची तक्रार होती.

प्रश्न असा राहतो की, हा हिशेब मागायचा कोणी? कायद्याच्या २१ व्या कलमाने विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या कारभारावर देखरेख, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा, ही तिची कामे. कागदावर लोकशाहीचा याहून सुंदर नमुना सापडणे कठीण. प्रत्यक्षात सभा दुपारी अकराला ठेवली जाते आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईला एका सभेसाठी एक रोज बुडवावा लागतो. मग इतिवृत्त घरी पाठवून अंगठा घेतला जातो. तथापि जेथे समितीवर खरोखर विश्वास टाकला गेला तेथे निराळे चित्र दिसते. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहे या समित्यांमार्फतच चालवली जातात. आईबाप कारखान्याच्या फडात असताना मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था गावातली माणसे लावतात, आणि निधी उशिरा आला तर किराणा दुकानदाराकडे उधारीही तीच करतात. ज्यांना हे जमते त्यांना पन्नास रुपयांचा हिशेब विचारणे जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

तेव्हा एक साधे काम समित्यांनी हाती घ्यावे. सभा संध्याकाळी, मजूर घरी परतल्यावर घ्यावी. एक महिनाभर शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज चार आकडे लिहावेत: शिकवण्याखेरीज शिक्षकांचे किती तास गेले, पदरचे किती पैसे गेले, स्वयंपाकी बाईने किती तास काम केले, आणि मुलांनी, विशेषतः मुलींनी, किती वेळ झाडलोट केली. महिन्याच्या शेवटी बेरीज करून तिच्यापुढे तालुक्यातील लिपिकाचा, शिपायाचा आणि शेतमजुराचा चालू दर मांडावा. जी रक्कम येईल ती त्या शाळेने शासनाला दिलेली सक्तीची देणगी समजावी. हा कागद समितीच्या ठरावासह २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवावा, ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला आणि एक आमदाराला द्यावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.